सुटली

धुळाआबांना जाऊन दोन महिने झाले होते, आणि त्यांचा आवाज लेकीच्या, उत्कर्षाच्या फोनमध्ये चार दिवस न ऐकता पडून होता.

तो पाठवला होता जनावरांच्या डॉक्टर स्वप्नालींनी, पुण्याहून. एकूण त्रेचाळीस निरोप, सगळे बोललेले. आबांना लिहिता येत नव्हतं. पण फोनवरचं माइकचं चिन्ह दाबून धरायचं आणि बोलून झालं की बोट उचलायचं, एवढं डॉक्टरांनी त्यांना शिकवलं होतं, आणि उतारवयात नवं खेळणं सापडावं तसे ते त्यात रमले होते. निरोपांखाली डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'उत्कर्षाताई, या दिवसांत तुम्हाला त्रास देणं बरं नाही. पण आबांचे काही शब्द आम्हाला नीट कळले नाहीत असं वाटतं. सोमवारी अकरा वाजता पालिकेत बैठक आहे. त्याआधी ऐकाल का?'

उत्कर्षा वाईच्या शाळेत मराठी शिकवायची. एका शब्दाचे चार अर्थ फळ्यावर मांडून दाखवणं हे तिचं रोजचं काम. तरी या कामाला तिचं बोट धजत नव्हतं. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर ती साताऱ्याच्या गाडीत बसली, तिथून कराड, कराडहून पुढे, आणि वाटेत तीनदा फोन हातात घेऊन तीनदा पिशवीत ठेवला.

तिचं माहेर विटा आणि कुंडलच्या मधलं. गाव म्हणायची सवय होती, पण पालिका होऊन तीसेक वर्षं झाली होती. पालिका नवी असताना कुणाच्या तरी डोक्यात आलं, की शहराला बाग हवी आणि बागेत हरणं हवीत. डोक्यावरच्या टेकडीला जाळी मारली, सहा चितळं आणून सोडली. धुळाआबा त्या वर्षी पूर्वेच्या दुष्काळी बाजूनं मेंढरं घेऊन आले होते. जाळीतून पळालेली एक मादी त्यांच्या मेंढरांत येऊन उभी राहिली, आणि संध्याकाळी ती दोरी न लावता, ओरखडा न उठता त्यांच्या मागं चालत फाटकाशी आली. पालिकेनं त्यांना तिथंच ठेवून घेतलं. उत्कर्षाच्या आईचं नाव हरणाबाई. त्यामुळं 'धुळाची एक हरणा घरात आन बाकीच्या डोंगरावर' ही थट्टा गावानं तीस वर्षं पुरवून खाल्ली.

सहाची दीडशे झाली. टेकडी पुरेना, जाळी टिकेना. सकाळी बाजारात कोथिंबिरीची जुडी सोडली की मागून कुणीतरी ती ओढायचं, वळून बघावं तर चितळ. कुत्री मागं लागायची, विट्याच्या रस्त्यावर मोटारसायकली घसरायच्या. एका पोराचा पाय मोडला. मग तीन वर्षांपूर्वी ट्रक आले. चौदा हरणं लांबच्या जंगलात न्यायला म्हणून भरली. आबा ट्रकात बसून सोबत गेले. उतरवताना पाच जिवंत होती. चितळाचं काळीज भीतीनंच थांबतं. परत आल्यावर आबा दोन दिवस भिंतीकडं तोंड करून बसले होते, आणि हरणाबाईंनी ताट समोर ठेवून तसंच उचललं होतं.

म्हणून डॉक्टर स्वप्नाली आल्या तेव्हा आबांना त्या देवासारख्या वाटल्या. मादीला गाभण राहू न देणारी लस होती त्यांच्याकडं. मारायचं नाही, न्यायचं नाही. नुसतं वाढणं थांबवायचं. दोन सुया. पहिली दिली की सहा आठवड्यांनी दुसरी; तिला उशीर झाला तर चालतो, पण दिलीच नाही तर पहिली फुकट. औषध अजमावायला पहिली सुई डॉक्टरांच्या माणसांनी आधी तीसच माद्यांना दिली. पण त्यानंतर परकं माणूस दिसलं की कळप टेकडीच्या पलीकडं. म्हणून दुसरीसाठी त्यांनी आबांना फुंकनळी शिकवली. नळीत सुई घालायची, जवळ जायचं, फुंकायचं. आबा जवळ जाऊ शकत होते. गेल्या उन्हाळ्यात महिनाभर त्यांनी ते काम केलं, आणि दरवेळी पुण्याला निरोप पाठवला. डॉक्टरांच्या कचेरीतल्या नागपूरच्या एका मुलीनं ते ऐकून यादी केली. तिसांच्या तीस पुऱ्या.

आणि या संक्रांतीपासून त्या तिसांतल्या नऊ जणी व्यायल्या होत्या.

* * *

घरी पोचली तेव्हा ओसरीवर सयाजीराव बसले होते. पालिकेचे उद्यान निरीक्षक, म्हणजे आबांचे साहेब. तिचा धाकटा भाऊ रविराज भिंतीला टेकून उभा होता.

"या मास्तरीणबाई," सयाजीराव म्हणाले. "तुमचीच वाट बघत हुतो. वैनींनी दोन कप च्या पाजला तोवर."

"काय काम काढलंत, सयाजीकाका?"

"काम काय, एक सही." त्यांनी खिशातून कागद काढून मांडीवर सरळ केला. "वडलांनी तीसबी माद्यांना दुसरी सुई दिली, हे त्यांच्या निरोपावरनं आमाला कळतं, असं लिहिलंय. तुमी शिकलेल्या, तुमच्या सहीला वजन. डागदरीणबाईचं औषध फुसकं निघालं, त्याला आपुन काय करणार? म्हातारबा मोकळा, आन हे पोरगं अनुकंपावर बापाच्या जागेला चिकटतंय."

"आणि सुया दिल्या नसतील तर?"

सयाजीरावांनी रविराजकडं पाहिलं. "तर मयताच्या सेवापुस्तकात शेरा. शेरा असला की अनुकंपाची फाईल वरच्या वर परत. मी वाईट सांगतोय का रं?"

"न्हाई," रविराज म्हणाला.

"हरणांचं काय मग?"

"ट्रक. सत्तर न्यायचीत. पाडसंवाल्या आधी. त्या लांब पळत न्हाईत, धरायला सोप्या. गाव लय कटाळलंय, बाई. परवा श्टँडवरच्या हाटेलात एक घुसलं, कांदाभज्याची परात घिऊन भाईर."

"कांद्याला तोंड लावत न्हाईत ती," आतून हरणाबाई म्हणाल्या. "तुमच्या हाटेलवाल्यानं पळीवली आसतील भजी."

सयाजीराव मनापासून हसले, कागद तसाच ओसरीवर ठेवून उठले. "सोमवारी घिऊन या," म्हणाले.

* * *

ते गेल्यावर उत्कर्षा परसात शेवग्याखाली बसली. वही उघडली, पेन काढलं, जणू पेपर तपासायचे आहेत. मग पहिल्या निरोपावर बोट ठेवलं.

"आवं बाई, धुळा बोलतोय. कोण बोलतंय? मीच की. ऐकू येतंय न्हवं? न्हाई, तुमी आत्ता बोलू नका, माझं झालं की बोला."

स्वयंपाकघरात भांडं ठेवल्याचा आवाज झाला. हरणाबाई दारात आल्या. डोक्यावरून पदर पुढं ओढलेला, नवरा घरात आल्यावर ओढायच्या तसा. कुणी नाही हे त्यांना माहीत होतं. हाताला मात्र माहीत नव्हतं. त्या उंबऱ्यावर टेकल्या.

"अजून एकदा लाव," म्हणाल्या.

उत्कर्षानं लावला. मग पुढचा, मग पुढचा.

"बाई, काळतोंडी टोचली. मांडीत. सुई पडली ती उचलून ठिवलीया."

"लंगडी टोचली. येक उडी मारली, मग लागली चरायला. लय शाणी हाय."

माद्यांची नावं आबांनीच ठेवलेली, मादी मेली की तिचं नाव तिच्या लेकीकडं जायचं. उत्कर्षाला त्यातल्या बहुतेक माहीत होत्या. सुट्टीला आली की ती त्यांच्याबरोबर चाऱ्याला जायची. ती वहीत लिहीत गेली. टोचली. टोचली. टोचली. नवव्या निरोपाला पेन थांबलं.

"बाई, बांडी सुटली. आज पाटं."

पुढं पुन्हा टोचली, टोचली. मग, "कानफाटी सुटली. बेस हाय." त्यात मागं हरणांच्या खुरांचा पाचोळ्यातला आवाज येत होता. सतराव्या निरोपात तर आबा बोलायचं विसरूनच गेले होते; बोट दाबलेलं राहिलं होतं, आणि मिनिटभर ते नुसते कळपाला हाक मारत होते. "हुर्रे, ये ये ये ये… चल गं बांडे, तुझं घिऊन चल… ये ये ये…" उत्कर्षानं तो शेवटपर्यंत ऐकला आणि काहीच लिहिलं नाही.

तिसांतल्या एकवीस टोचल्या होत्या. नऊ सुटल्या होत्या.

नागपूरच्या मुलीची चूक तिला लगेच दिसली. सुई नळीतून सुटली, म्हणजे दिली, असं त्या मुलीनं धरलं. कुणीही शहाण्या मुलीनं धरलं असतं. बाण सुटतो, गोळी सुटते. दुसरा अर्थ, मादी हातची सुटली, निसटली. पण निसटली तर आबा दुसऱ्या दिवशी परत गेले असते. आणि 'आज पाटं', आज पहाटे, असं कशाला म्हणाले असते? 'बेस हाय' कशाला?

"आई, आबा सुटली म्हणजे काय म्हणायचे?"

"सुटली म्हंजे सुटली. तू झालीस तवा माझी आई भाईर यिऊन त्यास्नी काय म्हनली? पोरगी सुटली, लेक झाली."

"व्याली."

"व्हय की. मेंढरू सुटतंय, शेळी सुटती." हरणाबाई उगाच पायाशी आलेलं पान उचलून बाजूला टाकत म्हणाल्या, "मेंढरांच्या वाड्यावर रीत हुती, पोरी. पाजतीवर हात टाकायचा न्हाई. कात्री लावायची न्हाई, डाग द्यायचा न्हाई. काळीज पडतं तिचं, दूध आटतं, कोकरू जातं. त्या नऊ जणींच्या पायात चार-आठ दिसाची पिल्लं हुती. नळी तोंडाला लावायचा आन खाली ठिवायचा."

"या सुईनं दूध आटत नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं त्यांना."

"म्हाईत हुतं त्याला. मला त्यानंच सांगितलं. पर फुक मारवंना त्याच्यानं."

"मग त्या नऊ सुया?"

हरणाबाईंनी परसाच्या कडेच्या बाभळीकडं हनुवटीनं दाखवलं. "तिच्या बुडात वतल्या, माझ्यादेखत. म्हनला, झाडाला काय हुतंय." आणि मग, लेकीच्या चेहऱ्याकडं बघून, "त्यानं काय लपीवलं न्हाई. सुटली म्हनला की सरळ. त्यास्नी कळंना, त्याला ह्यो काय करील?"

हे खरं असावं असं उत्कर्षाला फार वाटलं. ती पुढं ऐकत गेली, बहुतेक तेच खरं असावं म्हणून. अडतिसावा निरोप आबांचा नव्हता, डॉक्टरांचा होता. "धुळाकाका, यादी तपासतेय. नऊ जणींपुढं सुटली असं आहे. म्हणजे सुई सुटली, दिली गेली, असंच ना? दिली ना?"

एकोणचाळिसावा आबांचा. आधी बराच वेळ नुसता वारा. मग घसा खाकरल्याचा आवाज.

"व्हय बाई. दिली."

उत्कर्षानं फोन मांडीवर पालथा ठेवला. आबा खोटं बोलत नसत. पण अडचणीचा प्रश्न आला की समोरच्याच्या प्रश्नातला शेवटचा शब्द उचलून त्याला परत करत. दूधवाल्याला, साहेबाला, एकदा तिच्या सासऱ्यांनाही. लहानपणी तिला त्याचं हसू यायचं. ते कुठं खोटं बोलले, असं ती आईला विचारायची, आणि त्या दोघी हसायच्या.

* * *

रविवारी रविराज तिच्याशी बोलला तो पाणी तापवायच्या चुलीपाशी, तिच्याकडं न बघता.

"आक्का, येका शब्दाचं तर काम हाय. सुटली म्हंजे सुई सुटली. हा अर्थ हाय का न्हाई मराठीत? तूच शिकवतीस न्हवं?"

"आहे."

"मग?"

"आबांचा तो नव्हता."

"आबा गेलं. त्यांना आता शब्दानं काय फरक पडतोय? मला पडतोय."

"त्या नऊ जणी पहिल्या ट्रकात जातील, रवी. ज्यांच्यासाठी त्यांनी हे केलं त्याच. मागच्या वेळी चौदातल्या पाच उतरल्या."

"मग सांग जा की. सगळ्या पालिकेम्होरं सांग, आमचा बाप लबाड हुता." त्यानं लाकूड चुलीत जोरानं सारलं. "विट्याचा शंभूराज कवापासनं बोलीवतोय कोइमतूरला, गलाईच्या दुकानात. जातो तिकडं. सोनं वितळवतो ॲशिडाच्या धुरात. तू वाईला घाटावर बसून पुस्तकं वाच."

ती बाभळीपाशी जाऊन उभी राहिली. झाडाला खरंच काही झालेलं नव्हतं.

* * *

बैठक मुख्याधिकाऱ्यांच्या खोलीत होती. टेबलाभोवती सयाजीराव, डॉक्टर स्वप्नाली, आणि भिंतीकडच्या खुर्चीवर उत्कर्षा. सयाजीरावांचा कागद तिच्या पिशवीत होता, सही न केलेला.

ती वर्गात बोलावं तसं बोलली. सुटली या शब्दाचे तीन अर्थ होतात. आमच्याकडं जनावराच्या बाबतीत तो व्याली असा वापरतात. वडिलांनी एकवीस वेळा टोचली म्हटलं आहे आणि नऊ वेळा सुटली. त्या नऊ जणींना दुसरी सुई मिळालेली नाही. व्यायल्या आहेत त्या याच नऊ. एकवीस जणींतली एकही नाही.

डॉक्टरांनी यादीवर बोट फिरवलं आणि मान खाली घालून बराच वेळ तसंच ठेवलं. त्यांचं औषध फुसकं नव्हतं.

"म्हणजे गैरसमज," मुख्याधिकारी म्हणाले. त्यांना जेवायच्या आधी मोकळं व्हायचं असावं. "भाषेचा गैरसमज. कुणाचा दोष नाही. मग हरकत नाही, राहिलेल्या नऊ देऊन टाका, ट्रकचं पुढं बघू."

क्षणभर सगळंच सुटल्यासारखं झालं. आबा, रविराज, हरणं. उत्कर्षानं पिशवीचा बंद हातात धरला. उठायचंच होतं.

"सायेब, येक राहिलं," सयाजीराव म्हणाले. ते मुद्दाम वाईट माणूस नव्हते. तीस वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस, मोजलेलं जुळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "रिकाम्या सुया तीस जमा हायत स्टोअरला. म्हातारबानं एकवीसच दिल्या, तर नऊ रिकाम्या झाल्या कशा?"

डॉक्टरांनी उत्कर्षाकडं पाहिलं नाही, खिडकीकडं पाहिलं. अडतिसावा आणि एकोणचाळिसावा निरोप त्यांच्याही फोनमध्ये होता. त्या स्वतः बोलणार नव्हत्या, हे उत्कर्षाला कळलं. तिला गप्प बसता आलं असतं. माहीत नाही, एवढं म्हणता आलं असतं.

"त्यांनी त्या ओतून दिल्या," ती म्हणाली. "पाजत्या मादीला हात लावायचा नाही, अशी त्यांच्यात रीत होती. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्यांनी दिली असं सांगितलं. त्यांना माहीत होतं."

मुख्याधिकाऱ्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि शेरा लिहायला घेतला. ओळ लांब होती. उत्कर्षा पेनाच्या टोकाकडं बघत राहिली, ओळ संपेपर्यंत. शेवटी त्यांनी दहा दिवस दिले. दहा दिवसांत नऊ सुया, नाहीतर ट्रक.

बाहेर जिन्यात डॉक्टर म्हणाल्या, "तुम्ही बोलला नसतात तरी मी काही म्हटलं नसतं."

"ठाऊक आहे."

"मग का?"

"अर्धं सांगितलं असतं, तर उरलेल्या अर्ध्यावरही कुणी विश्वास ठेवला नसता. आणि ते अर्धं हरणांचं होतं," उत्कर्षा म्हणाली. हे तिला तिथंच सुचलं होतं. पुरेसं खरं वाटलं नाही.

* * *

पण कळप जवळ येईना. आबांच्या जागी घातलेला माणूस चारा टाकायचा, शिट्ट्या मारायचा. हरणं टेकडीच्या माथ्यावर उभी राहून बघायची आणि तो गेल्यावर खाली उतरायची. डॉक्टरांनी दोन दिवस झुडपात बसून काढले. उत्कर्षानं शाळेला रजा वाढवून मागितली, कारण कोणती बांडी आणि कोणती कानफाटी हे दाखवणारं आता दुसरं कुणी नव्हतं. नऊही जणींच्या पायात पुन्हा पाडसं होती. ज्या वेळी आबांचा हात थांबला होता, नेमकी तीच वेळ फिरून आली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर तिच्याशेजारी दगडावर बसल्या. फुंकनळी गुडघ्यावर आडवी.

"विचारू का नको, कळत नाही," त्या म्हणाल्या.

"विचारा."

"सतरावा निरोप. ते हाक मारतात तो."

उत्कर्षानं माथ्याकडं पाहिलं. बांडी तिथंच होती, शेपटीच्या जागी नुसता गोंडा, पाडस पोटाखाली ढुशा देत होतं. आबांनी जिच्यासाठी डॉक्टरांना फसवलं, तिला त्यांच्याच आवाजानं खाली बोलवायचं होतं. असं काही आपण कुठं वाचलं असतं तर पुस्तक मिटून ठेवलं असतं, असं तिला वाटलं. इथं मिटून ठेवायला काही नव्हतं. सात दिवस उरले होते.

"फोनचा आवाज पोचायचा नाही तिथवर," ती म्हणाली. मग स्वतःच उठली, चाऱ्याची पत्र्याची बादली रिकामी केली आणि फोन तिच्या तळाशी ठेवला.

"हुर्रे, ये ये ये ये…"

पत्र्यानं आवाज मोठा आणि किनरा झाला होता, पण तो आबांचाच होता. माथ्यावर दीडशे माना एकदम वळल्या. मग एक म्हातारी मादी उतरायला लागली, तिच्यामागं दोन, आणि मग सगळा उतारच खाली सरकल्यासारखा झाला. दहा-बारा पावलांवर येऊन हरणं थांबली. माना उंच, नाकपुड्या हलत होत्या. बादलीकडं बघत होती, बादलीच्या मागं बघत होती, उत्कर्षाच्या मागं बघत होती. दोन महिने हा माणूस कुठं होता हे शोधत होती.

"कोणती?" डॉक्टरांनी ओठ न हलवता विचारलं.

"डावीकडची," उत्कर्षा म्हणाली. "बांडी. पाडस उजव्या अंगाला आहे, त्याला लागू देऊ नका."

फुंकर ऐकूही आली नाही. बांडीनं उडी मारली, आणि कळप फुटला.

संध्याकाळी ती पुन्हा दिसली, वर बाभळींच्या दाटीत. पाडस पीत होतं. दूध आटलं नव्हतं, काळीजही पडलं नव्हतं. उत्कर्षा अंधारेपर्यंत बघत उभी राहिली. हे बघायला ज्या माणसानं उभं राहायला हवं होतं त्याच्यावर तिला पहिल्यांदाच राग आला, आणि तो राग कुठं ठेवायचा ते कळेना.

हाकेच्या दुसऱ्या दिवशी दोन दिल्या. तिसऱ्या दिवशी दोन. त्याच दिवशी रविराज फाटकापाशी येऊन गेला, खांद्याला बॅग लावून, कोइमतूरच्या गाडीला जाताना. आत आला नाही. बादलीतून बापाचा आवाज आला तेव्हा त्याचा चेहरा कसा झाला ते तिला लांबून दिसलं नाही. ती जाळीकडं पोचली तोवर तो वळणापलीकडं गेला होता.

चौथ्या दिवशी कळप अर्ध्या उतारावर थांबला. आबा हाका मारत राहिले, तो तिथून पुढं हलेना. डॉक्टर पोटावर सरपटत गेल्या आणि एक दिली. पाचव्या दिवशी तासभर वाट बघून आणखी एक. सात झाल्या.

सहाव्या दिवशी कानफाटी आणि तिची बहीण उरली होती. सकाळचं ऊन टेकडीवर नुकतं पसरलं होतं, कळप खालच्याच अंगाला, चांगला जवळ चरत होता. डॉक्टरांनी नळीत सुई भरली आणि मान हलवली. उत्कर्षानं बादलीत हात घालून निरोप सुरू केला.

"हुर्रे, ये ये—"

म्हातारी मादी पुढचा पाय जमिनीवर आपटून ओरडली. वाघ दिसल्यावर चितळ ओरडतं तशी, कर्कश, एकदाच. शेपट्या वर झाल्या, आणि दीडशेच्या दीडशे हरणं आबांच्या आवाजापासून पळत सुटली. पाडसं मागं, धडपडत, आयांच्या पांढऱ्या शेपट्यांच्या रोखानं.

डॉक्टरांनी नळीतली सुई काढून डब्यात ठेवली. "सातावर भागेल," त्या म्हणाल्या. "मी तसं लिहीन. ऐकतील ते." थोडं थांबून, "उत्कर्षाताई, बंद करा ते."

तिनं बंद केलं नाही. बादलीजवळ खाली बसून ती ऐकत राहिली. आबा एकेकीचं नाव घेऊन बोलवत होते, घाई नसलेल्या आवाजात, सगळ्या येणार आहेतच अशा खात्रीनं. निरोप संपायला अजून चाळीस सेकंद होते. टेकडीवर धूळ बसत आली होती, आणि वर आता कुणीच दिसत नव्हतं.